कडुलिंबाखालचा खड्डा

मेथीची जुडी हातात घेतली की ती केस आठवते. त्या रविवारी दुपारी पोलीस वसाहतीतल्या खोलीत मी आणि आमची मंडळी मेथी निवडत बसलो होतो. माझ्या ढिगात देठंच जास्त.

"अहो, आरोपी सोडता तशी देठं सोडू नका," ती म्हणाली. मग कपाळ दाबत म्हणाली, "डोकं फार जड झालंय. बीपीची एक गोळी घेऊ का? शेजारच्या वहिनींकडं आहे."

"एकवीस दिवसांतले सोळा काढलेस. पाच राहिले. कळ काढ."

तिनं पुढची जुडी सोडली. तेवढ्यात ठाण्यातून बोलावणं आलं.

हिंजवडीला काचेच्या कंपन्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी हवालदार, शिक्षण सातवी. खडकवासल्याच्या पुढे एक निसर्गोपचार केंद्र होतं. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी फोन केला होता. "सायेब, पोरगी कालधरनं उलट्या करतीया. आता वळखतबी न्हाई. त्ये म्हणत्यात, इष भाईर पडतंय. मला तर तिचा जीवच भाईर पडताना दिसतोय."

केंद्राचं नाव मला नवीन नव्हतं. आमच्या मंडळींच्या गोळ्या बंद केल्या होत्या त्या तिथंच.

मुलगी संगणक कंपनीतली, लहानपणापासून इन्सुलिनवर. तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. जीपमध्ये घालून दवाखान्यात पोचवली. डॉक्टर म्हणाले, "हिचं इन्सुलिन कुणी बंद केलं? वाचेल की नाही, आत्ता सांगत नाही."

केंद्रचालकाला इन्स्पेक्टर साहेबांनी समोर बसवलं. गडी शांत होता. "औषध सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. हा फॉर्म, ही तिची सही. औषध तिनं घरीच ठेवलं असेल."

"आणि इथं आणलं असेल तर?"

"तर शोधा. आपलं कामच आहे ते."

खोल्या, कपाटं, सगळं पाहिलं. काही नाही. माणूस खरं बोलतो तेव्हा चिडतो, अडखळतो. हा एकदाही अडखळला नाही. पण संशयावर गुन्हा उभा राहत नाही.

मला जागा माहीत होती. साहेबांना बाजूला घेतलं. "मागच्या कडुलिंबाखाली खणू या. खबर आहे."

"कुणाची?"

"खबऱ्याचं नाव विचारू नये, साहेब."

पंच बोलावले, कुदळ मागवली. चालकाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. हातभर खणल्यावर गोळ्यांची पाकिटं वर यायला लागली. ढीगभर. त्यातच कंपनीचं नाव छापलेली छोटी पिशवी निघाली. आत इन्सुलिनच्या बाटल्या आणि त्या मुलीच्या नावाची डॉक्टरची चिठ्ठी. केस तिथं उभी राहिली.

मग पंचनाम्यासाठी साहेबांनी एक खाकी लिफाफा उचलला. आमच्या पोलीस दवाखान्यातला. त्यावर बक्कल नंबर लिहितात. साहेबांनी तो वाचला, मग माझ्या छातीवरचा नंबर पाहिला.

या केंद्रचालकानं वसाहतीत मोफत शिबिर घेतलं होतं. स्टेजवर मोठे अधिकारी बसले होते, बंदोबस्ताला मीच होतो. अधिकारी बसलेत म्हणजे माणूस खरा, एवढीच माझी अक्कल. पोलीस म्हणून बायकोला फुकट प्रवेश मिळाला, त्याचाही मोठा आनंद. केंद्रात पहिल्या दिवशी सगळे खड्ड्याभोवती उभे राहायचे. गोळ्या आत टाकायच्या, वर मूठभर माती. त्याला ते 'गोळ्यांना मूठमाती' म्हणत. इंजिनिअर होते, प्राध्यापक होते आणि सातवी शिकलेला मी. शिक्षणाचा तिथं काही उपयोग दिसला नाही. दुधीचा रस प्या, पहाटे चाला, माझं काही म्हणणं नाही. पण रोगाला गोळी लागते की नाही, हे तपासून सांगणाऱ्या डॉक्टरला विचारा. आम्ही साध्या सायकलचोरीलाही पुरावा मागतो. बायकोच्या जिवाला मी मागितला नाही.

संध्याकाळी वसाहतीत आलो तर दाराला कुलूप. शेजारचे तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. मेंदूत रक्तस्राव. मी पोचेपर्यंत संपलं होतं. ती मुलगी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैकुंठ स्मशानभूमीत मंडळींना अग्नी दिला आणि तिथून तसाच ठाण्यात गेलो. जबाब लिहिणारा रायटर उठून उभा राहिला. "दादा, सुतकात कशाला आलात?"

"सुतक मला आहे, कागदाला नाही. जबाब घे."

साहेब आतून आले. हळू आवाजात म्हणाले, "तुमचं नाव नको. खबऱ्याकडून कळलं, एवढं पुरे."

"नाही पुरत, साहेब. माती कुणी टाकायला लावली, हे सांगणारा पाहिजे. नाहीतर तो सुटेल."

रायटर लिहू लागला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. "पत्नीने स्वखुशीने गोळ्या खड्ड्यात..."

"खोड ते," मी म्हणालो. "ती देत नव्हती. मी तिच्या हातातून ओढून घेतल्या, असं लिही."

त्यानं खोडलं, तसं लिहिलं. खाली मी सही केली.