दोरीवरचं घर

आई गेल्यावर बाबांना मी नागपूरहून बंगळुरात सर्जापूर रोडला, आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. ते एक बॅग घेऊन आले आणि त्या बॅगेतच राहिले. कपाट रिकामं करून दिलं, तरी धुतलेला सदरा घडी होऊन पुन्हा बॅगेतच जायचा. "मी पाव्हणा हाये, बाई," म्हणायचे. मला राग यायचा. खरं तर भीती वाटायची, की एक दिवस ही बॅग उचलून ते त्या रिकाम्या घरात एकटे राहायला जातील.

इथे चिमण्या नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. नागपूरला त्या कौलांखाली, फोटोमागे, मीटरच्या पेटीवर, कुठेही बिऱ्हाड करत. मी हौसेने लाकडी घरटं मागवून बाल्कनीत टांगलं, खाली तांदूळ ठेवले. चिमणी एकही आली नाही. कबुतरं आली, सहकुटुंब. बाबांचा खोकला वाढला, डॉक्टरांनी कबुतरांना दोष दिला, आणि मला बाल्कनीला जाळी ठोकून घ्यावी लागली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"तू त पाखराईले गाळणी लावली," बाबा म्हणाले आणि बाल्कनीकडे फिरकेनासे झाले.

पण गाळणीतून काहीतरी आत येतंच. एका सकाळी शिंजीर पक्ष्याची मादी आली, अंगठ्याएवढी, पिवळ्या पोटाची, बाकदार चोचीची. जाळीच्या एका चौकटीतून अंग चोरून शिरली आणि बाबांचा पंचा वाळत होता त्या दोरीच्या टोकाला काडीकचरा लटकवू लागली. मी झाडू घेऊन निघाले, तेवढ्यात कढीपत्ता द्यायला शेजारच्या आक्का आल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं.

"अण्णा, स्वल्प दिवस जळमटं झाडू देऊ नका," त्या बाबांना म्हणाल्या. "त्या धाग्यांनीच ती घर बांधते."

बाबांनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि बाल्कनीच्या दाराशी खुर्ची मांडली. आमचे कपडे हॉलमध्ये वाळू लागले.

"चिमणीले भोक लागते," ते एकदा म्हणाले. "तुमच्या ह्या गुळगुळीत भिंतीत भोक कुठून आणशील? हिले नुसती दोरी पुरते. अन् जाळीनं कबुतर अडलं तसा कावळाही अडला. म्हणून त हिनं ही जागा धरली."

"आणि तुम्हाला काय लागतं, बाबा?"

"मले आंगण लागते," ते म्हणाले. नवव्या मजल्यावर मी अंगण कुठून आणणार होते?

तिने अंडी घातली, तेव्हा आम्ही दोघं देव पाण्यात घालून बसलो. पिल्लं निघाली, दिवसभर तोंडं वासून ओरडली, आणि एका सकाळी जाळीतून भुर्रकन उडून गेली. घरटं नुसतंच हलत राहिलं. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर ते दारात बॅग घेऊन उभे.

"बाबा, निघालात?"

"आक्का म्हणते, ते पाखरू पुन्हा येते त्याच जागी," ते म्हणाले. "आपल्या कपड्यांसाठी दुसरी दोरी बांध. अन् ही बॅग माळ्यावर टाक, पायात येते."

मी बॅग हातात घेतली. ती रिकामी होती.