कोणाले ठेवायचं, कोणाले काढायचं

एकाने किस्सा सांगितला की दुसऱ्याच्या पोटातला आपोआप बाहेर येतो. आमची शाळा मोर्शीजवळची, स्टाफरूम छोटी. मी तिथे भूगोल शिकवते, रोज अमरावतीहून जाऊन-येऊन. एका दुपारी डबा उघडता उघडता मी सहज म्हटलं, "काल इन्स्टावरून चाळीस जणांना काढलं. काय हलकं वाटून राहिलं मले!"

झालं! डबे संपले, घंटा झाली, पण किस्से संपेनात.

*

वानखडे सर गणिताचे. बोलणं कमी. त्यांच्या साळ्याने अकोल्यात नवी कार घेतली, आणि फोटो सुरू झाले. कारसोबत, कारमध्ये, कार धुताना, कारला हार घालताना. इकडे सर रोज सकाळी ते फोटो पाहत आणि मग पंधरा वर्षांच्या स्कूटरला किक मारत. स्कूटर सुरू होईना, डोकं मात्र तापलेलं! शेवटी त्यांनी साळ्याला अनफॉलो केलं.

आठ दिवसांत बायकोला कळलं.

"माह्या भावाले कावून काढलं तुमी?"

"त्याले कुठं काढलं? त्याच्या गाडीले काढलं!"

दिवाळीत साळा कार घेऊन आला, तेव्हा पुढच्या सीटवर सगळ्यात आधी सरच बसले म्हणे.

*

सुनीता मॅडम एका बाईला फॉलो करायच्या. ती बाई पहाटे चारला उठायची, लिंबूपाणी प्यायची, योगा करायची, डायरी लिहायची आणि वर हसायचीसुद्धा! मॅडमनीही चारचा अलार्म लावला. पंधरा दिवस रेटलं.

मग आली घटक चाचणी. मॅडम नववीच्या वर्गात सुपरव्हिजनला. वर्गातून आवाज म्हणून येईना. एवढी शांतता पाहून मुख्याध्यापकांना संशय आला. ते दारात येऊन गरजले, "काय चाललंय?"

पहिल्या बाकावरची पोरगी तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "सर, हळू बोला ना! मॅडम आत्ताच झोपल्या."

त्याच संध्याकाळी ती लिंबूपाणीवाली मॅडमच्या फोनमधून गेली. दुसऱ्या दिवशी मॅडम सव्वासहाला उठून आल्या. चेहरा असा, की जणू चार दिवस माहेरी राहून आल्या!

*

आमचे शिपाई भाऊराव हवामान सांगणाऱ्या एका माणसाचे भक्त. तो व्हिडिओत रोज ओरडायचा, "येत्या दोन तासांत धो-धो!" की भाऊराव घरी फोन लावत, "मिरच्या उचल!" बायको बिचारी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करून खाली आणायची. ऊन मात्र कडक. असं आठवडाभर चाललं.

आठव्या दिवशी ती फोनवर एवढंच म्हणाली, "त्याले सोडता, का मले?"

भाऊरावांनी उभ्या उभ्या त्याला सोडला.

मी विचारलं, "मग आता पावसाचं कसं कळते हो?"

"बायको सांगते. ते आभायाकडं पाह्यते!"

*

आता माझा.

बी.एड.ला अकोल्याच्या होस्टेलवर मी आणि रेखा एका खोलीत होतो. लग्नानंतर ती कॅनडाला गेली. तिचे फोटो यायचे : बर्फ, तळं, मोठ्ठं स्वयंपाकघर. ते पाहिले की मला माझं घर कोंदट वाटायचं. नवऱ्यावर, पोरांवर उगाच खेकसायची मी. एक दिवस ठरवलं, बस. तिला काढून टाकलं. घरातली कटकट थांबली, पण मनात धाकधूक राहिली. हिला कळलं तर?

सहा महिन्यांनी अकोल्यात एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या रांगेत पाहते तर समोर रेखा, लग्नासाठी कॅनडाहून आलेली! मी ताट घेऊन खांबाआड सरकले. तिने बरोबर गाठलं. हात धरला आणि डोळ्यांत पाणीच आणलं.

"माफ कर बाई मले. दोन वर्षं झाली, मी तुले अनफॉलो केलं."

"कावून?"

"तू तुह्या बाबांच्या मळ्यातल्या संत्र्यांचे फोटो टाकते न. ते पाह्यले की मले तिकडं करमेच ना. दिवसभर रडत बसो मी."

मीही तिचा हात घट्ट धरला. मग म्हटलं, "मीनंही तुले काढलं!"

ती आधी दचकली. मग अशी हसली की तिच्या ताटातली जिलेबी खाली पडली. आम्ही दोघी तिथेच खुर्च्या ओढून बसलो. जेवणं आटोपली, मंडपवाले गाद्या गुंडाळू लागले, तरी आमचं बोलणं सुरूच.

तेवढ्यात नवरीचा मामा मोबाइल घेऊन आला. "बसा जवळ जवळ, तुमचा एक फोटो काढतो."

दोघी एकदम ओरडलो, "नको!"