मामांची लाल भाजी

दुसऱ्याच्या मूळव्याधीवर माझ्या आमगावच्या मामांइतका जीव लावणारा माणूस त्या काळच्या साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लोक भेटल्यावर रामराम करून पिकापाण्याचं विचारतात; मामा रामराम करून विचारत, "पोट साफ होऊन राहिलं ना?" एकदा लग्नाच्या पंगतीत व्याही पाटावर जरा एका कुशीवर कलले, तर मामांनी वाढप्याला ओरडून सांगितलं, "याह्यले तिखट नोको वाढू, ताक वाढ!" ते व्याही पुढे आमच्याकडे आले, की उभ्या उभ्या पाणी पिऊन निघून जात.

मामांचे उपचार ठरलेले होते : सुरण, ताक आणि धानाच्या कोंड्याची उशी. ही उशी ते स्वतः शिवत. गोंदियाला जाताना आगगाडीच्या बाकावर ती मांडून ऐटीत बसत आणि शेजारचा अवघडलेला दिसला, की उठून त्याच्याखाली सरकवत. उतरताना ती परत मागायची मात्र त्यांना लाज वाटे, त्यामुळे घरात कोंडा कधी टिकत नसे. शौचाला रक्त पडतं म्हणून कोणी सांगायला आला, तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत निदान तयार असे. "उस्नता! मूळव्याध हाय. डाक्टर कायले पायजे?" बहुतेकांना आपोआप बरं वाटे आणि मामांचा दिमाख आणखी चढे.

असे हे मामा एका हिवाळ्यात गप्प झाले आणि त्यांनी लाल भाजीचा, म्हणजे लाल माठाचा, ध्यास घेतला. रोज सकाळ-संध्याकाळ ताटात लाल भाजी हवी. आपल्या परसातल्या वाफ्यातली भाजी खपते म्हणून मामी आधी खूश झाली. मग तिच्या ध्यानात आलं, की जन्मात आपला पेलासुद्धा न विसळलेला हा माणूस हल्ली तळ्यावर जाऊन स्वतःचं धोतर धुतो. तिनं विचारलं, तर मामा म्हणाले, "भाजीचा रंग उतरते वो, दुसरं काही नाही."

मामी त्यांच्यापेक्षा चार घरं पुढे होती. तिनं भाजीचा अख्खा वाफा उपटून गाईपुढे टाकला आणि चार दिवस थांबली. मी तिथं गेलो त्या दिवशी तिनं लाल डागांचं, न धुतलेलं धोतर त्यांच्यासमोर धरलं. "आता हे कोन्त्या भाजीचं हाय, सांगा! अन् अंगातली बंडी काऊन लोंबून राहिली?" साऱ्या मुलखाला भर पंगतीत नाही नाही ते विचारणारे मामा भिंतीकडे तोंड करून बसले. लाजले होते बिचारे. मला आधी हसू आलं, आणि मग मी गोंदियाच्या गाडीची वेळ विचारली.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. आत शिरताच मामांनी आपलं निदान ऐकवून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "मामाजी, हर खून बवासीर का नहीं होता." मग प्रत्येक रक्त मूळव्याधीचं कसं नसतं, ते त्यांनी नीट समजावलं. शौचानंतर थेंब थेंब पडणारं लालभडक रक्त बहुधा मूळव्याधीचं, नाहीतर खडा होऊन पडलेल्या चिरेचं. आवेतही रक्त येतं. तरी एकदा दाखवून घ्यावं. पण रक्त शौचात मिसळून येत असेल, पोटाची रीत बदलली असेल, वजन उतरत असेल, तर घरी बसायचं नाही. आणि शौच डांबरासारखं काळं झालं, रक्त भळभळू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच पावली निघायचं.

"मंग माह्यं कोन्तं?" मामांनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी तपासलं. आत गाठ लागली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, रक्त दिसू लागलं तेव्हाच आणलं असतं तर काही करता आलं असतं.

मामांना त्यानंतर धानाचा एकच हंगाम मिळाला. तो त्यांनी दाराशी बाज टाकून काढला. भेटायला येणारा तब्येतीचं विचारी, तर मामा उलट त्यालाच विचारत, "तुह्यं कसं हाय? रगत तं नाही?" कोणी जरा चाचरला, की शिव्या घालून त्याला गोंदियाच्या गाडीत बसवायला लावत. त्यांच्या तगाद्यानं कितीतरी जण दवाखान्यात गेले. बहुतेकांना मूळव्याधच निघाली आणि त्याचा मामांना केवढा आनंद होई!

शेवटच्या भेटीत त्यांनी मला जवळ बोलावलं. "तुले कधी लाल दिसलं तं आधी डाक्टरले दाखव. बायकोले फसवाले मंग लय दिवस भेटतेत." आम्ही दोघंही हसलो. हसता हसता त्यांनी माझा हात धरला. तो त्यांनी उशिरापर्यंत सोडला नाही, आणि मलाही सोडवून घ्यावासा वाटला नाही.