बहिणीसाठी आणलेले खडू

माझ्या धाकट्या बहिणीला मी खडू आणून द्यायचे. ती नववीत, मी लोणावळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तास संपला की फळ्याखाली पडलेले तुकडे उचलायचे, रुमालात बांधायचे आणि जवळच्याच आमच्या गावी, औंढ्याला, घरी न्यायचे. "ताये, आज किती आणलेस?" ती दारातच विचारायची. मला वाटायचं, पोरगी त्या खडूंनी गणितं सोडवते. घरात कुठेच आकडे लिहिलेले दिसत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एकदा कॉलेजात एक नर्सताई मुलींशी बोलायला आल्या. अंगात रक्त कमी असलं की काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, असं त्या म्हणाल्या. "मग आमच्या होस्टेलवर रोज कच्चाच भात मिळतो की, मॅडम," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मधेच थांबले. खडू बांधलेला रुमाल माझ्या मांडीवर होता.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "तू खडू खातेस का गं?"

"तूच तर आणून देतेस," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आईला सांगू नको."

मी सांगितलं नाही. खडू आणणं बंद केलं आणि मला वाटलं, झालं काम. तिची पाळी आठ-नऊ दिवस चालायची, चढावर ती दर दहा पावलांनी बसायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "वयात आल्यावर पोरी दमत्यातच. आमी न्हाई व्हय दमलो?" असं आई म्हणायची. मीही मान हलवायचे.

पंधरा दिवसांनी ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन पाच पॉइंट चार. रक्त चढवावं लागेल, आणि त्याच्या बदल्यात रक्तपेढीला घरातल्या कुणाला रक्त देता आलं तर बघा, असं ते म्हणाले.

मी लगेच पुढे झाले. मोठी होते, कॉलेजात शिकत होते. तपासणाऱ्या दादांनी बोटाला सुई टोचली आणि यंत्राकडे बघून मान हलवली. "तुमचंच नऊ आहे. रक्त द्यायला साडेबारा लागतं." मग आईचं बघितलं. आठ.

आमचे वडील, आबा, एका बंगल्यावर माळीकाम करतात. ते तसेच मातीच्या हातांनी आले. आमचे आकडे ऐकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरातल्या एका बी बाईच्या अंगात रगात न्हाई व्हय?"

"लय घरांत असंच असतं, काका. हात धुऊन या," तपासणारे दादा म्हणाले.

आबांनी रक्त दिलं आणि दुपारी रक्ताची पिशवी लागली. बहिणीचे ओठ कागदासारखे होते. "आता मला आबांसारख्या मिश्या येणार," ती म्हणाली. "गप पड," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

निघताना तिघींना लोहाच्या गोळ्या मिळाल्या. जेवल्यावर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. आईने आपल्या गोळ्या गुपचूप बहिणीच्या पिशवीत टाकल्या. मी त्या काढून परत तिच्या हातात दिल्या.

"मला काय झालंय? आजारी ती हाय."

"आई, तुझं आठ आहे."

"बरं, घेते," ती म्हणाली. आम्ही जेवून उठतो तेव्हा ती अजून जेवलेली नसते. नंतर ती गोळी घेते की नाही, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही.