नाव न लागलेला ब्रॅकिओपॉड

अख्ख्या नांदेडात ज्युरासिक काळातले प्राणी खानदानानिशी ओळखणारा एकच माणूस होता, आणि शेजारी कोण राहतं ते त्याला ओळखता येत नसे. शेजारी आम्ही राहायचो. वीस वर्षं चाचांनी मला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पण कच्छच्या खडकातला, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखा दिसणारा समुद्री जीव, तळहातावर ठेवला, की त्याचं घराणं, जात, पोटजात सगळं घडाघडा सांगत. ते कॉलेजच्या भूशास्त्र विभागात शिपाई होते. प्राध्यापक येत-जात राहिले. पोरांना शिकवलं ते चाचांनी, शिपायाच्या पगारात. या अन्यायावर मी एक जळजळीत पत्रक काढलं होतं. चाचांनी त्यात जीवाश्म गुंडाळले.

ब्रॅकिओपॉडला शिंपला म्हटलेलं त्यांना खपत नसे. शिंपल्याची दोन्ही झाकणं जुळ्या भावांसारखी. याचं एक मोठं, एक लहान. मोठ्याच्या चोचीला भोक, भोकातून देठ. त्या देठाने समुद्रतळाच्या दगडाला जन्मभर चिकटायचं आणि पाणी जे आणेल ते गाळून खायचं. ही तर गुलामगिरी झाली, असं मी एकदा तावातावाने म्हणाले. चाचा शांतपणे म्हणाले, "तू लई फिरती बेटा. तुझा काय दगड व्हायचा न्हाई."

ब्रॅकिओपॉडांच्या कवचांसारखं गल्लीचंही त्यांनी वर्गीकरण केलं होतं. नळावर भांडणाऱ्या बाया कंगोरेवाल्या, मतं मागायला येणारे गुळगुळीत. गुळगुळीत जातीचा भरवसा नाही, कारण तिची खरी ओळख आत असते. कवचाच्या आत अन्न गाळणाऱ्या झालरीला आधार देणारी चुन्याची नाजूक कडी, तिच्या आकारावरून नाव ठरतं. ती बघायची तर जीवाश्म खरखरीत भुकटी आणि पाणी टाकून काचेवर घासायचा, केसभर झिजला की चित्र काढायचं, पुन्हा घासायचा. नाव कळेपर्यंत जीवाश्म संपलेला असतो. चाची म्हणायच्या, "चाळीस सालात एक ताट घासलं न्हाई या माणसानं. दगड घासून राहिलाय."

मग विभाग बंद पडला. विद्यार्थी नाहीत, खोली हवी, म्हणून कपाटं रिकामी झाली आणि तो सगळा समुद्र मागच्या खड्ड्यात भरावाला गेला. मी उपोषणाची भाषा करेपर्यंत चाचा एक पोतं ऑटोत घालून घरी आले होते. त्यात सुपारीएवढा एक गुळगुळीत होता. कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनात तो बसत नव्हता. तसा एकच होता, म्हणून वीस वर्षं त्यांनी त्याला काचेला लावलं नव्हतं. आता साखरेच्या आजाराने त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आत्ता घासला नाही, तर त्याचं नाव त्यांना कधीच कळणार नव्हतं.

त्यांनी मला बोलावलं. घासणार ते, बघणार आणि चित्र काढणार मी. तीन दुपारांत नुसती दोन झाकणांची बाह्यरेषा आली. चौथ्या दुपारी त्यांनी विचारलं, "कडी दिसती का?"

भिंगाखाली पांढरा स्फटिक होता. आतलं सगळं केव्हाच विरघळून तिथे स्फटिक भरला होता. मी पत्रकात आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही. मी म्हणाले, "दिसते, चाचा."

त्यांचा हात थांबला. "जाड किती? खाली वळती का वर?"

तेवढं मला रचता येईना. मी खरं सांगितलं.

ते रागावले नाहीत. बोटाने काच चाचपली, भुकटी टाकली आणि परत घासायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, निदान उरलेला तरी राहील. "पुढं असंल तर?" म्हणाले. पुढे काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत बोटांना काचच लागायला लागली. चाचींनी चहा आणून ठेवला.

चाचांनी काचेवरचा राखाडी गाळ कागदावर काढायला सांगितला. पुडी बांधल्यावर चिठ्ठीवर काय लिहू, म्हणून मी विचारलं.

"गाव लिही. खडक लिही. नावाच्या जागी काय लिहू नको, पर जागा सोड," ते म्हणाले. "लिहून झालं का, सुलताना?"

ते माझ्या बहिणीचं नाव. झालं, म्हणाले मी.