शोभरावाच्या पायाखालचा ब्रेक

कपड्यांच्या दुकानात बावीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास मिळतात. पायांवर फुगलेल्या शिरा आणि एक टोपणनाव. आपल्या गृहस्थाला मिळालेलं नाव होतं शोभराव. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की हा मान तिरकी करून म्हणायचा, "शोभतंय!" हडकुळ्यांना शोभायचं, ढेरपोट्यांना शोभायचं. एकदा एका बाईंनी घाईत कपडे बदलायच्या खोलीचा पडदाच खांद्यावर घेतला, तर तोही शोभला. शर्टाची बटणं पोटावर जीव मुठीत धरून बसलेली दिसली, की शोभराव म्हणे, "वापरून सैल होतो."

ही विद्या मूळची शेठची. दुकानात त्यांचा एकच कायदा होता : गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. निळा संपला असला तर हिरवा काढायचा आणि म्हणायचं, "उजेडात निळाच दिसतो." शोभरावात हा कायदा इतका मुरला की घरीसुद्धा त्याच्या तोंडून नकार फुटेना. बायको म्हणायची, "अहो, उद्या कुणी तुम्हाला विहिरीत उडी मारा म्हणालं, तर पाणी गार आहे का एवढंच विचाराल तुम्ही."

पुढे लोक फोनवर बोट फिरवून कपडे घ्यायला लागले. शेठनी अर्धं दुकान बंद केलं आणि शोभरावाला केबिनमध्ये बोलावलं. "तू काय, घरचाच माणूस," शेठ म्हणाले. घरच्या माणसाला काढताना फार बोलावं लागत नाही, हा त्यातला फायदा. निरोपाला त्याला एक शर्ट मिळाला. दुकानातलाच, न खपलेला, एक नंबर लहान. शोभरावानं तिथंच घालून पाहिला. मधलं बटण लागेना. शेठनी मान तिरकी केली. "वापरून सैल होतो."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधायला निघालेल्या माणसाचं सगळीकडे फार कौतुक होतं. "वा, दांडगा अनुभव!" "तुमच्यासारखी माणसं राहिलीत कुठे!" "कळवतो हं!" कुणीही 'नाही' म्हणालं नाही. ती विद्या शोभराव चांगली ओळखून होता, त्यामुळे त्यानं वाट पाहिली नाही.

शेवटी बायकोनंच पत्ता काढला. कोपऱ्यावरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलला शिकवणारा हवा होता, आणि दुकानाचा टेम्पो शोभरावच इतकी वर्षं चालवत आला होता. स्कूलच्या मालकीणबाई चालता चालता जरी बोलल्या, तरी समोरचा जागेवर थांबायचा, म्हणून सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत. "माणसांशी जमतं का तुमचं?" त्यांनी विचारलं. "आयुष्यभर तेच केलंय," शोभराव म्हणाला. एक महिना बघू, असं ठरलं.

आता शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शोभरावानं त्याला पाय लावला नाही. चालवणारा मजेत चालवतोय आणि आपण मध्येच ब्रेक दाबायचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या अंगातला शर्ट ओढून काढण्यासारखंच की! बँकेतल्या एक बाई गाडी घेऊन फुटपाथवर चढल्या. शोभराव म्हणाला, "काय वळण घेतलंत! शोभतंय तुम्हाला." त्यानं परीक्षेला पाठवलेले सगळे नापास झाले. बँकेतल्या बाई तर परीक्षा घेणाऱ्या साहेबांचीच स्कूटर आडवी करून आल्या आणि वर त्यांनाच म्हणाल्या, "आमचे सर तर छान जमतंय म्हणाले होते!"

ब्रेकबाईंनी शोभरावाला उभं केलं. "तुम्ही गाडी शिकवता की साखर वाटता? यापुढे एक जरी कच्चा माणूस परीक्षेला पाठवलात ना, तर तो नापास व्हायच्या आत तुम्ही घरी!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकायला कोण यावं? शेठ! त्यांचा ड्रायव्हर सोडून गेला होता. त्यालाही बहुधा शर्ट मिळाला असावा.

"अरे, तू इथे? झकास! मला घरचाच माणूस हवा होता."

शेठ दुकान चालवायचे तशीच गाडी चालवायचे. बाजूला व्हायचं काम दुसऱ्यांचं. आरसा त्यांनी फक्त भांग पाडण्यापुरता वापरला. आणि बोलणं अखंड चालू. "वरच्या मजल्यावर नवं शोरूम काढतोय. मॅनेजर तूच. खुर्ची देणार, बरं का. बसायची! तेवढं मला परवाच्या परीक्षेला पाठव."

बावीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची! घरी आल्यावर बायकोचेही डोळे लकाकले. "गादीची का हो?"

"असेल."

"आणि शेठना गाडी येते?"

शोभराव बोटं मोडत बसला.

"अहो, येते का?"

"वापरून येईल."

"वापरून? कुणावर वापरून? माझी बहीण पोरांना घेऊन त्याच रस्त्यानं चालत जाते."

त्या रात्री म्हणे खुर्चीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सकाळी चौकात एक आजोबा पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होते. शेठनी वेग कमी केला नाही. "थांबेल तो," ते म्हणाले.

"शेठ, जरा... म्हणजे बघा... हल्ली लोक..."

शोभरावाचं तोंड अजून गिऱ्हाईक सांभाळत होतं, पण पायाला तेवढा धीर नव्हता. गाडी गचकन थांबली. शेठचा चष्मा नाकावरून मांडीवर आला. आजोबांच्या हातून पिशवी सुटली, बटाटे रस्ताभर गडगडले आणि त्यांनी गाडीतल्या दोघांच्या सात पिढ्यांची आस्थेनं चौकशी केली.

"ब्रेक तू दाबलास?"

"हो."

"असू दे, असू दे." शेठनी चष्मा पुसला. "तर उद्या परीक्षा. तयार आहे ना मी?"

शोभरावाची मान सवयीनं तिरकी झाली. ओठांवर 'शो' आलाच होता, डोळ्यांपुढे खुर्ची आली, गादीसकट. आणि काचेपलीकडे ते आजोबा वाकून एकेक बटाटा उचलत होते.

"नाही."

"काय?"

"नाही, शेठ. तुम्हाला गाडी येत नाही." एकदा दार उघडल्यावर मग काय, बावीस वर्षं गोदामात पडून राहिलेला माल एकदम बाहेर आला. "आरसा बघत नाही. क्लच सोडता येत नाही. आणि सगळे थांबत नाहीत, शेठ. मी थांबायचो, ते वेगळं. तुम्हाला परीक्षेला पाठवणार नाही."

शेठ तडक ब्रेकबाईंच्या टेबलापाशी. "तुमचा माणूस गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाही' म्हणतो!"

"कोण, हे?" ब्रेकबाई खुर्चीतून उठल्या. "पुन्हा सांगा बघू, काय म्हणाले?" शेठनी पुन्हा सांगितलं. बाईंनी ते आणखी एकदा सांगायला लावलं, मग शोभरावाकडे वळल्या. "सर, महिना संपला असं समजा. उद्यापासून कायम."

खुर्ची शेठच्या मेव्हण्याला मिळाली. ती तशीही त्यालाच मिळणार होती, हे शोभराव सोडून सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. आणि शेठचं म्हणाल, तर त्यांच्या बायकोनं सांगून टाकलं, त्या 'नाही'वाल्या सरांनी 'हो' म्हटल्याशिवाय मी तुमच्या गाडीत बसणार नाही. झालं! चारच दिवसांत शेठ पुन्हा हजर. मुकाट्यानं बसले, मुकाट्यानं पट्टा ओढला. तो पोटावर असा काचला की श्वास अडकला.

"सर," शेठ म्हणाले. होय, सर! "हा पट्टा फार आवळतोय हो."

शोभरावानं चार दिवसांनी पुन्हा मान तिरकी केली.

"वापरून सैल होतो. आता आरसा बघा. नाही, भांगासाठी नाही."