नंदाबाई आणि उघडलेलं दार

शनिवारची सकाळ. धायरीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात नंदाबाई इंगोले पोळ्या लाटत होत्या आणि लाटता लाटता लेकीची परीक्षा घेत होत्या. दीपमालाची सोमवारी शिकाऊ लायसन्सची चाचणी होती. नवरा, आनंद, हडपसरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे पाचलाच घराबाहेर पडलेला. त्यामुळे परीक्षक, स्वयंपाकीण आणि आई अशी तिन्ही खाती एकट्या नंदाबाईंकडे होती.

"घाटात एक गाडी चढतेय, एक उतरतेय, रस्ता अरुंद. आधी कोण जाणार?"

"उतरणारी," दीपमाला म्हणाली.

"चढणारी," नंदाबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या. "नापास. पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न राहूनच गेला, कारण दारावर थाप पडली. बाहेर सुखदेव उभे होते. सिंहगड रस्त्यावरच्या ज्या सोसायटीत नंदाबाई पाच घरच्या पोळ्या करायच्या, तिथले हे रात्रपाळीचे वॉचमन. मागच्याच गल्लीत राहायचे. ड्यूटी संपवून घरी जाण्याआधी ते इकडे आले होते. नंदाबाईंनी चहाचं विचारलं, त्यांनी नको म्हटलं, आणि सुखदेव चहाला नाही म्हणतात म्हणजे बातमी चांगली नाही हे माय-लेकींना त्याच क्षणी कळलं.

"ताई, गेटवर तुमचा नंबर बंद केलाय," ते चपला न काढताच म्हणाले. "आजपासनं आत सोडायचं नाही म्हणत्यात. उद्या मीटिंग हाय, त्यात कायमचंच ठरवणार."

त्या सोसायटीत कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला एक नंबर असतो. गेटवर तो सांगितला की वॉचमनच्या मोबाइलवर तिचा फोटो उमटतो आणि फाटक उघडतं. नंबर बंद, म्हणजे पाचही घरं बंद. आणि बंद का, तर बी बिल्डिंगमधल्या अभय साहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं की पोळ्यावाल्या बाई राँग साइडने भरधाव आल्या आणि त्यांच्या उभ्या गाडीवर आदळल्या. अशा बेजबाबदार माणसांना आपण आत का घ्यायचं, असंही त्यांनी विचारलं होतं. खाली अठरा जणांनी अंगठे उठवले होते.

नंदाबाईंनी गॅस बंद केला. पाच घरांची कमाई जाणार, हे तर होतंच. एका सोसायटीतून काढलेली बाई शेजारच्या सोसायटीत कुणी घेत नाही, ग्रुपवरच्या गोष्टी बाईच्या आधी तिथे पोचलेल्या असतात. पण त्यांना खरा झोंबला तो एकच शब्द.

"मले राँग साइड म्हणाले ते?" त्या म्हणाल्या. वीस वर्षं पुण्यात राहून त्यांची बोली पार पुणेरी झाली होती. वाशिमकडचं 'मले' बाहेर पडायचं ते फक्त खूप राग आला म्हणजे.

हा शब्द का झोंबला, हे नंदाबाईंना सायकलवर पाहिल्याशिवाय समजणार नाही.

त्या सायकल शिकल्या वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. दीपमाला पाचवीत गेली तेव्हा तिला घेतलेली सायकल ती शाळेतून आली की भिंतीला टेकून उभी असायची. चार दिवस नंदाबाईंनी सायकलीकडे नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी पहाटे त्या ती घेऊन मोकळ्या मैदानावर गेल्या. गुडघे फुटले, कोपर सोलवटलं, भाजीवाल्या बायका हसल्या, पण महिन्याभरात त्यांचा तोल बसला. त्याच सुमारास शाळेतून दीपमालाने वाहतुकीच्या नियमांचं चार पानी पत्रक आणलं. लेकीने ते दप्तरात चुरगाळलं, आईने सरळ करून पाठ केलं. रस्त्याच्या डाव्या कडेने चालवा. वळण्याआधी मागे बघा, मग हात दाखवा, मग वळा. मागे लाल परावर्तक हवा, पुढे दिवा हवा, दोन्ही ब्रेक लागायला हवेत. नंदाबाईंनी हे सगळं असं धरलं की जणू त्यांच्यासाठीच कुणी लिहून ठेवलं होतं.

लोकांना त्याची गंमत वाटायची. भर रस्त्यात ही बाई उजवा हात लांब करते, तेव्हा मागचे स्कूटरवाले समजायचे की रिक्षा थांबवतेय. लाल दिव्याला ती पट्ट्याच्या अलीकडे थांबायची आणि पुण्यात लाल दिव्याला थांबलेल्या सायकलीइतका राग कुणाला कशाचा येत नाही. मागून हॉर्न वाजायचे. एकदा एकाने विचारलं, बाई, सायकलला कसला सिग्नल? नंदाबाई वळून म्हणाल्या, "दिव्याला विचारा. त्याने मला वगळलंय असं तो म्हणाला तर जाते."

आणि सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणजे तो वळसा. धायरीहून येताना सोसायटी रस्त्याच्या पलीकडे, उजव्या हाताला. मध्ये दुभाजक. कामाला येणाऱ्या बाकी साऱ्या बायका, डिलिव्हरीची पोरं, सोसायटीतले स्कूटरवाले सुद्धा अलीकडच्या फटीतून पलीकडे जायचे आणि उलट्या दिशेने कडेकडेने गेटपर्यंत यायचे. नंदाबाई मात्र सोसायटी मागे टाकून अर्धा किलोमीटर पुढे जायच्या, तिथल्या चौकात वळायच्या आणि वाहतुकीबरोबर परत यायच्या. मैत्रिणी म्हणायच्या, नंदे, तुला काय मेडल देणार आहेत का? आठ वर्षं, ऊन असो की चिखल, हा वळसा त्यांनी चुकवला नव्हता. आता त्याच बाईला उलट्या दिशेने आली म्हणत होते, आणि सगळेच तसे येत असल्यामुळे ते लगेच खरंही वाटत होतं.

गुरुवारी घडलं ते असं. चौकात वळून नंदाबाई गेटकडे निघाल्या. डेअरीसमोर, जिथे गाडी लावायची नाही तिथेच, एक पांढरी गाडी उभी होती. नंदाबाईंनी मागे पाहिलं, एक टेम्पो लांब होता. उजवा हात दाखवला आणि गाडीच्या बाजूने पुढे निघाल्या. तेवढ्यात गाडीचं उजवं दार धाडकन उघडलं. सायकलची मूठ दारात अडकली, नंदाबाई उजव्या अंगावर रस्त्यात पडल्या आणि टेम्पो त्यांच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबला. गाडीतून अभय साहेब उतरले. आधी त्यांनी दारावरून हात फिरवला. मग लागलं का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दूध घ्यायला गेले. नंदाबाईंचं मनगट सुजलं होतं. तशाच हाताने त्यांनी पाच घरच्या पोळ्या केल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. पडलो, उठलो, संपलं, असा त्यांचा हिशेब. तो चुकला होता, कारण गप्प बसणाऱ्याची हकिगत दुसराच कुणीतरी सांगतो.

सुखदेव गेल्यावर दीपमाला म्हणाली, तिथे कॅमेरा आहे का बघू. चौकशी केली, तर डेअरीवाल्याचा कॅमेरा आतल्या गल्ल्याकडे तोंड करून होता. टेम्पोवाला कोण ते ठाऊक नव्हतं. साक्षीदार नाही, चित्र नाही. नंदाबाई बराच वेळ सायकलसमोर उकिडव्या बसून राहिल्या. डाव्या मुठीचा ब्रेक वाकला होता. उजवा शाबूत होता.

"डावाच का वाकला गं?" त्यांनी विचारलं.

मग त्या उठल्या आणि लोखंडी कपाटाचं दार अर्धं उघडलं. हातात लाटणं आडवं धरलं, सायकलचं हँडल धरावं तसं. बिजागरीच्या बाजूने, म्हणजे गाडीच्या तोंडाकडून दारावर गेल्या, तर लाटण्याचं उजवं टोक दाराला बाहेरून लागलं. वळसा घालून मागच्या बाजूने आल्या, तर डावं टोक दारात आतून शिरलं. त्यांनी तीनदा करून बघितलं. दीपमाला तोंडावर हात ठेवून बघत होती.

"म्हणजे ओरखडा दाराच्या आतून असणार," ती म्हणाली. "आणि नसलाच तर? त्यांनी पुसून घेतला असला तर?"

"तर पाच घरं गेली," नंदाबाई म्हणाल्या आणि शर्मिला मॅडमना फोन लावला.

शर्मिला मॅडम सोसायटीच्या अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेल्या, स्वतःच्या पोळ्या स्वतः करणाऱ्या, त्यामुळे कुणाच्या उपकारात नसलेल्या. नंदाबाईंचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. नंदाबाईंना एवढंच हवं होतं की ठरवायचं ते त्यांना समोर बसवून ठरवा.

"उद्या अकराला या," मॅडम म्हणाल्या. "अकरा म्हणजे अकरा. पुण्यातल्या अकराबद्दल लोकांचे गैरसमज आहेत."

रविवारी माय-लेकी दहालाच निघाल्या. नंदाबाईंनी सायकल सोबत घेतली, पण तिच्यावर बसल्या नाहीत. एकाच ब्रेकवर सायकल रस्त्यावर चालवायची नसते. तीन किलोमीटर त्या ती हाताने ढकलत गेल्या, वळशासकट.

पार्किंगमध्ये पंचवीस-एक खुर्च्या मांडल्या होत्या. रात्रपाळी करून घरी जायचं सोडून सुखदेव खांबाला टेकून उभे होते. अभय साहेबांनी आधी आपली बाजू मांडली. गाडी उभी होती, बाई समोरून आल्या, रोज सगळ्याच तशा येतात, आपण डोळ्यांनी बघतो. बऱ्याच माना हलल्या. नंदाबाईंकडे वळून मॅडमनी विचारलं, तुमचं काय म्हणणं?

"माझं म्हणणं गाडीपाशी सांगते," नंदाबाई म्हणाल्या. "साहेब, गाडी कुठे आहे?"

गाडी दहा पावलांवर होती. खुर्च्या सोडून सगळे तिकडे आले. काहींना नुसतीच मजा होती, मीटिंगमध्ये चहाशिवाय काही घडत नाही एरवी. नंदाबाईंनी साहेबांना आत बसायला सांगितलं, मग दार उघडायला. अभय साहेब हसत बसले, आणि मोबाइलकडे बघता बघता उजव्या हाताने दार लोटलं. ते सरळ सुखदेवांच्या गुडघ्यावर जाणार होतं. सुखदेव वेळेवर मागे सरले.

मग नंदाबाईंनी सायकल गाडीच्या तोंडाकडे नेली आणि हळूहळू दाराशी आणली. उजवी मूठ दाराच्या बाहेरच्या पांढऱ्या पत्र्याला टेकली.

"समोरून आले असते तर इथे लागलं असतं. बघा कुणीही."

पत्रा आरशासारखा स्वच्छ होता. कुणीतरी वाकून बोटही फिरवून पाहिलं. काही नव्हतं.

आता त्या सायकल घेऊन मागच्या बाजूला गेल्या. कपाटाशी सगळं पटलं होतं, पण हे कपाट नव्हतं. त्यांनी सायकल पुढे ढकलली. डावी मूठ दाराच्या आत गेली आणि वाकलेला ब्रेक आतल्या काळ्या आवरणाला जाऊन टेकला. तिथे, नेमक्या त्याच उंचीवर, वीतभर लांब पांढरा ओरखडा होता. ब्रेकचं टोक त्याच्या सुरुवातीला असं बसलं, जसं किल्ली कुलपात बसते.

शर्मिला मॅडमनी चष्मा काढला, वाकून बघितलं, चष्मा पुन्हा घातला.

"अभय," त्या म्हणाल्या, "बाई समोरून आल्या असत्या, तर हा ओरखडा काढायला त्यांना तुमच्या मांडीवरून सायकल न्यावी लागली असती. तशी काही आठवण आहे का आपल्याला?"

पहिल्यांदा हसली ती दीपमाला, मग ज्यांच्या घरी नंदाबाई पोळ्या करायच्या त्या बायका, आणि मग अख्खं पार्किंग. अभय साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस अगदीच वाईट नव्हता. ते गाडीतून उतरले आणि म्हणाले, "मी मागे बघितलं नव्हतं. बाई समोरूनच आल्या असतील असं मी धरून चाललो. चूक माझी आहे." ग्रुपवर तसं लिहा, मॅडम म्हणाल्या, आणि ते तिथेच उभ्या उभ्या त्यांच्याकडून लिहूनही घेतलं. अठरा अंगठेवाल्यांपैकी बरेच जण तेव्हा खाली फरशीकडे बघत होते.

नंबर सुखदेवांनीच सुरू केला. गेटवर जाऊन त्यांनी तो मोठ्याने म्हणत, पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. दर वेळी नंदाबाईंचा फोटो उमटला आणि दर वेळी फाटक उघडलं. दूध घेऊन येणाऱ्या दोन स्कूटर, ज्या उलट्या दिशेने येत होत्या, त्या गर्दी बघून बाहेरच थबकल्या. एक जण तर उतरून स्कूटर ढकलत आत आला.

खुर्च्यांवर परत बसल्यावर गोष्ट भरपाईवर आली. ब्रेक दुरुस्त करून देऊ, दवाखान्याचं बघू, साहेबांनी माफी मागावी, जो तो काहीतरी सुचवत होता. नंदाबाई पाण्याचा पेला हातात धरून ऐकत होत्या. माफी झाली होती, ब्रेक त्या स्वतः करून घेणार होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही होतं. साहेबांचा तो मोबाइलवरचा डोळा, दार लोटणारा उजवा हात आणि मागे सरलेले सुखदेव.

मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "नंदाबाई, तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच सांगा."

नंदाबाई उभ्या राहिल्या. रिकाम्या खुर्चीवर बसून त्यांनी आधी उजवा हात उजवीकडे नेला. मान जागची हलली नाही. मग डावा हात अंगावरून उजवीकडे नेला, तसा खांदा वळला, खांद्यामागे मान वळली आणि नजर आपोआप मागे गेली. सगळ्यांनी ते बघितलं. दोघा-तिघांनी बसल्या जागी करूनही पाहिलं.

"माझं एवढंच मागणं आहे," त्या म्हणाल्या. "गाडी चालवणाऱ्याने उतरताना दार डाव्या हाताने उघडावं."